वार्धक्याचा अभ्यास डोंगरापर्यंत जावा

मधुमेह, उच्च रक्तदाब, संधिवात असे दीर्घकालीन आजार, म्हणजे जे समूळ जात नाहीत पण नियमित उपचारांनी बहुधा आटोक्यात राहतात असे विकार, केवळ शहरी सुखवस्तूंचे नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये जिल्ह्यातील सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा असे आढळले की सरासरी २.७ किलो वजनाची तेथील बाळे हडकुळी दिसत असली तरी त्यांच्या अंगात चरबी तुलनेने टिकून असते. उतारवयातील मधुमेहाची पाळेमुळे आईच्या पोषणात शोधावी लागतात, हा त्यातून पुढे आलेला विचार मोलाचा आहे. २०१७-१८ च्या ‘लासी’ या देशव्यापी वार्धक्य-पाहणीत पंचेचाळिशीपुढील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती घेताना रक्तदाबाबरोबर मुठीची पकड आणि चार मीटर चालण्यास लागणारा वेळही मोजला गेला, कारण पाण्याची कळशी उचलता येणे किंवा एसटीची पायरी चढता येणे हेच म्हातारपणी स्वावलंबनाचे खरे माप असते.

भोर तालुक्यातील डोंगराळ आंबवडे परिसरात, जेथे भातखाचरांचा चढउतार रोजचा आहे आणि तरुण कामासाठी बाहेर असतात, तेथे म्हाताऱ्या माणसाचा गुडघा आखडला की दवाखानाही दूर जातो. आरोग्य खात्याने आणि संशोधन संस्थांनी अशा वृद्धांची दीर्घकालीन पाहणी हाती घ्यावी आणि रक्तदाबाच्या गोळ्या दरमहा त्यांच्या घरी पोहोचवाव्यात.