तक्रार आली नाही म्हणे!

करोनाच्या टाळेबंदीत बायकांना मारहाण वाढली ही निव्वळ आवई होती, असं एका विद्वानांनी नुकतंच व्याख्यानात ठणकावून सांगितलं. पुरावा काय, तर पोलीस ठाण्यांत तक्रारींची रीघ लागली नाही. शिवाय पोलीस नाकाबंदीत अडकलेले, त्यांना नवरा-बायकोच्या कुरबुरींत कशाला ओढायचं? आणि घरातलं घरातच मिटावं, हे तर आलंच. टाळ्याही पडल्या.

तक्रारी नाहीत म्हणजे मार नाही! या हिशेबाने दवाखान्याला कुलूप लावलं की गाव ठणठणीत. 25 मार्च 2020 ला देश बंद झाला. त्यानंतर मार खाणाऱ्या बाईने ठाण्यात जायचं कसं, याचा विचार व्याख्यात्यांनी केलेला दिसत नाही. बस नाही, रिक्षा नाही. चौकात काठी घेऊन उभा असलेला हवालदार पहिलं विचारणार, ‘कुठं निघालात? पास आहे?’ त्याला भररस्त्यात पाठीवरचे वळ दाखवायचे? दहा बाय दहाच्या खोलीत नवरा, सासू, दोन पोरं दिवसभर समोरासमोर. फोन एकच, तोही त्याच्या खिशात. हातात आलाच तर नंतर कुणाला लावला ते तपासलं जाणार. जिल्हाबंदीने माहेर तुटलेलं. एवढं करून ती ठाण्यात पोचलीच, तर ठाणे अंमलदार बहुतेक वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेणार, नवऱ्याला बोलावून ‘समज’ देणार आणि दोघांना एकाच दारातून आत पाठवणार. समज मिळालेला नवरा त्या रात्री काय करतो, हे व्याख्यात्यांनी एखाद्या समुपदेशक बाईंना विचारावं.

राष्ट्रीय महिला आयोगाकडे एरवी बऱ्याच तक्रारी टपालाने येत, टपालच थंडावलं. 10 एप्रिलला आयोगाने व्हॉट्सअ‍ॅपचा क्रमांक जाहीर केला. फोनवर बोलायचीसुद्धा चोरी असलेल्या बायकांची आयोगाला कल्पना होती, आपल्या विद्वानांना नाही. आणि बस-रिक्षा सुरळीत असतानाचं चित्र तरी काय होतं? 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम 14 टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती, तीही मुख्यतः नात्यागोत्यात. पोलिसांपर्यंत गेलेल्या त्यातल्याही मोजक्या.

गंमत अशी, की एरवी हीच मंडळी 498अ खाली खोट्या तक्रारींचा पूर आल्याचं सांगत असतात. सासरच्या छळाविरुद्धचं भारतीय दंड संहितेतलं हे कलम 1983 चं, 2024 पर्यंत लागू होतं. त्याच्या गैरवापराचं रडगाणंही आता चांगलं जुनं झालंय. पण टाळेबंदीत त्या खोट्या तक्रारीसुद्धा कुठं गेल्या? खोटं बोलणाऱ्या बायकांनीही नियम पाळला म्हणायचा!

पोलिसांवर ताण होता, मान्य; कित्येकांचा जीवही गेला. पण सगळा भार त्यांच्यावरच टाकायचं कारण नव्हतं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याने संरक्षण अधिकारी नेमायला सांगितले, आणि अर्जावर पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत ठेवायला सांगितली. ‘घरातलं घरात’ या मुद्द्यावर शाई घालवत नाही. संसदेने हा कायदा घरासाठीच केला.

मग करायचं काय? फार काही नवं नाही. पुणे जिल्हा परिषदेने एप्रिल 2020 मध्ये बजावलं होतं, की बायकोला मारणाऱ्याला संस्थात्मक विलगीकरणात पाठवू. म्हणजे घर तिचं राहील, बाहेर तो जाईल. मारणाऱ्याला घराबाहेर काढण्याचा आदेश दंडाधिकारी 2005 च्या त्याच कायद्याच्या कलम 19 खाली देऊ शकतात. पुढच्या साथीत संरक्षण अधिकारी अत्यावश्यक सेवेत धरावेत आणि त्यांना गाडी-पास मिळावा, एवढी मागणी आत्ताच लावून धरायला हवी.

आणि वाचकहो, भिंतीपलीकडून आवाज आला तर संरक्षण अधिकाऱ्याला कळवायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. त्याच कायद्याचं कलम 4 तसं स्पष्ट सांगतं, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. तेव्हा कळवा.