नूर इनायत खान आणि निष्ठेची प्रमाणपत्रं

‘हेर’ आणि ‘मुसलमान’ हे दोन शब्द आपल्याकडे एका वाक्यात आले, की पुढचं वाक्य काय असणार हे जवळपास ठरलेलं असतं. हिंदी सिनेमानं त्याचे दोन साचे करून ठेवले आहेत. एक सीमेपलीकडून आलेला वाईट हेर. दुसरा जिवावर उदार होऊन ‘मीही याच देशाचा’ हे सिद्ध करणारा चांगला हेर. ‘राझी’सारखा (२०१८) विचारी सिनेमाही दुसऱ्या साच्याच्या जवळूनच जातो. सिद्ध करण्याची सक्ती नसलेला हेर आपल्या वाट्याला फारसा येतच नाही.

म्हणून ‘प्रिन्सेस प्रिन्सिपल’ ही जपानी ॲनिमे मालिका मला आवडली. २०१७ची, बारा भागांची. माझी अकरावीतली भाची मोबाइलवर सबटायटल वाचत ही असली कार्टून बघते (कार्टून म्हटलेलं तिला खपत नाही) आणि तिच्यामुळेच मी ती बघितली. गोष्ट एका कल्पित लंडनची आहे. शहराच्या मधोमध भिंत आहे, एका बाजूला अल्बियनचं राजघराणं, दुसऱ्या बाजूला राजसत्ता झुगारलेलं कॉमनवेल्थ. एका नामांकित शाळेत शिकणाऱ्या पाच मुली प्रत्यक्षात हेर आहेत. त्यांच्यापैकी एक खुद्द राजकन्या, आणि दुसरी, अँज, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी. राजकन्येच्या जागी अँजला बसवायचं असा बेत असतो. पण या दोघींची अदलाबदल लहानपणीच झालेली आहे, हे आपल्याला पुढे कळतं. जी हेर म्हणून वावरते तीच खरी राजकन्या.

तिसऱ्या-चौथ्या भागात भाचीनं विचारलं, “मामू, पण ही राणीकडची की राणीच्या विरुद्ध?” मला सांगता आलं नाही. मालिका हे शेवटपर्यंत सरळ सांगत नाही आणि तिची खरी ताकद तिथंच आहे. या मुली कॉमनवेल्थचे हुकूम घेतात, पण एकमेकींना दिलेला शब्द त्या हुकमाच्या वर ठेवतात. राजकन्येला राणी व्हायचंय ते मुकुटासाठी नाही, भिंत पाडण्यासाठी. (एक तक्रार मात्र आहेच. एवढं मोठं साम्राज्य दाखवलं, पण त्यानं जिंकलेले देश म्हणजे आपण, त्यात जवळजवळ कुठंच दिसत नाही. जपानची एक मुलगी तेवढी आहे.)

या मालिकेतल्या राजकन्येपेक्षा विलक्षण अशी एक मुलगी खरोखर होऊन गेली आणि तिचं घराणं आपल्या शेजारचं आहे. नंदुरबारहून सुरत गाठली की बडोदा काही लांब नाही. तिथं सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं उस्ताद मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली. त्यांची पत्नी टिपू सुलतानच्या वंशातली. त्यांचे नातू इनायत खान यांचा जन्म १८८२चा, बडोद्याचाच. वीणा वाजवणारे हे सूफी १३ सप्टेंबर १९१० रोजी भारत सोडून अमेरिकेला निघाले, तिथं ओरा रे बेकर या अमेरिकन मुलीशी त्यांचं लग्न ठरलं, आणि १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्कोत त्यांना मुलगी झाली, नूर इनायत खान.

नूर पॅरिसजवळ सुरेन गावी वाढली. ती मुलांसाठी गोष्टी लिहायची. जातककथांचं तिचं पुस्तक १९३९ मध्ये आलं. १९४०च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, घरचे इंग्लंडला पळाले, आणि ही हवाई दलाच्या महिला विभागात भरती होऊन वायरलेस शिकली. पुढे चर्चिलनं उभ्या केलेल्या गुप्त संघटनेनं तिला निवडलं. प्रशिक्षकांना तिच्याबद्दल शंका होत्या. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं. ॲनिमेतली अँज वाक्यागणिक खोटं बोलते आणि त्यावरच जगते. आमच्या नूरला तेच येत नव्हतं.

तरीही जून १९४३ मध्ये तिला ‘मादलेन’ या नावानं फ्रान्समध्ये उतरवलं. व्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली स्त्री वायरलेस ऑपरेटर. पोचून काही दिवस होतात न होतात तोच तिचं जाळं गेस्टापोनं उद्ध्वस्त केलं. लंडननं परत ये म्हणून सांगितलं, ती आली नाही. जागा बदलत, यंत्र वाहून नेत ती महिनोन्‌महिने संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये पकडली गेली. पाठवलेल्या संदेशांच्या नोंदी तिनं वहीत ठेवल्या होत्या, त्यांचा जर्मनांनी वापर केला आणि आणखी माणसं त्यांच्या हाती लागली. हे लपवून तिची गोष्ट सांगू नये. चौकशीत मात्र तिनं तोंड उघडलं नाही. दोनदा निसटायचा प्रयत्न केला, मग पुढचे महिने साखळदंडात गेले. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊ छळछावणीत आणखी तिघींबरोबर तिला गोळी घातली. १९४९ मध्ये ब्रिटिश राजानं तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला.

आता आपल्याकडे काय होतं बघा. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला आपल्या व्हॉट्सॲप गटांवर टिपू, अशफाकउल्ला, अब्दुल हमीद यांच्या रांगेत नूरचा फोटो फिरतो. खाली ओळ असते, आम्हीही बलिदान दिलंय. गेल्या वर्षी एका ओळखीच्या गृहस्थांनी खाली लिहिलं, ‘ही तर इंग्रजांची नोकर. देशासाठी काय केलं?’ मग चाळीस-पन्नास मेसेज, सगळे खुलासे. मला त्या गृहस्थांपेक्षा आपल्या खुलाशांचा जास्त राग आला.

कारण त्यांच्या प्रश्नात वजन आहे आणि नंदुरबारकराला ते टाळता येणार नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी आमच्याच गावात त्याच राजाच्या पोलिसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. सोळाव्या वर्षात असलेला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. नूर त्या दिवशी इंग्लंडमध्ये त्याच राजाच्या गणवेशात होती. ‘ती आमची देशभक्त’ एवढं म्हणून हा पेच सुटत नाही.

पण नूरनं स्वतः तो टाळला नव्हता. हवाई दलात अधिकारी होण्यासाठीच्या मुलाखतीत तिला भारताच्या स्वातंत्र्याबद्दल विचारलं गेलं. जर्मनीशी लढाई चालू आहे तोवर मी सरकारशी प्रामाणिक राहीन, नंतर मात्र माझ्या देशाच्या बाजूनं उभी राहण्याचा विचार करावा लागेल, अशा अर्थाचं ती बोलली. मुलाखतीत, गोऱ्या अधिकाऱ्यांसमोर! खोटं न बोलता येणाऱ्या मुलीचं हे उत्तर. राजाची नोकरी तिनं घेतली ती अटीसह, मुदतीसह, आणि अट तोंडावर सांगून.

आपण नेमकी तीच अट गाळतो. गटावर फिरणारी नूर बिनशर्त असते, तिला काही मत नसतं, ती फक्त मरते. प्रमाणपत्रासाठी तेवढंच लागतं ना! ज्यानं शंका घेतली त्याच्या पुढ्यात आपण आपल्या मेलेल्यांची यादी ठेवतो आणि शंका घेण्याचा त्याचा हक्क मान्य करून टाकतो. नूरला अशा यादीतला एक नंबर करणं मला तिचा अपमान वाटतो. तिला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. ती वाढली ते गाव नाझींच्या ताब्यात होतं, आणि छळछावण्या चालवणाऱ्यांच्या विरुद्ध उभं राहायचं तर तेव्हा हाताशी इंग्रजांचं हवाई दल होतं.

शिरीषकुमारच्या पुढ्यात इंग्रजांची बंदूक होती, तो तिच्याविरुद्ध उभा राहिला. या दोघांतलं एक निवडा असं मला कुणी सांगितलं, तर मी निवडणार नाही. आपल्या जिल्ह्यातलं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, एकाच बाकाची दोन टोकं दोन राज्यांत. त्यावर बसणाऱ्याला कुणी विचारत नाही, तू नक्की कुठला.

दरवर्षी ९ सप्टेंबरला माणिक चौकात हुतात्म्यांना अभिवादन होतं, शाळांची मुलं येतात. चारच दिवसांनी १३ सप्टेंबर असतो. त्या दिवशी परिपाठात नूरची गोष्ट सांगता येईल का, असं मी ओळखीच्या दोन शिक्षकांना विचारलंय. त्या मुलाखतीतलं उत्तर गाळायचं नाही, एवढीच अट घातली आहे. एकानं हो म्हटलंय. दुसरे म्हणाले, हेडसरांना विचारून सांगतो.