आधी तिकीट दाखवा



रविवार पुरवणीतल्या बोटीच्या प्रवासावरील लेखात ‘पॉश’ची तीच शिळी कहाणी पुन्हा वाचली आणि राहवले नाही. ‘पोर्ट आऊट, स्टारबोर्ड होम’ म्हणे! विलायतेहून मुंबईला येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन उन्हापासून वाचायची, म्हणून पी. अँड ओ. कंपनी बड्या साहेबांच्या तिकिटावर ही चार अक्षरे उमटवायची.

मग त्यातले एक तरी तिकीट दाखवा. बॅलार्ड पिअरवर उतरलेल्या साहेबांची पत्रे, रोजनिशा, बोटीवरच्या जेवणाची मेनूकार्डेसुद्धा लोकांनी जपून ठेवली. तो शिक्का मारलेले तिकीट मात्र आजवर कुणाला सापडलेले नाही, कंपनीच्या दप्तरातही त्याचा मागमूस नाही. ही व्युत्पत्ती प्रथम छापून आली ती १९३५ साली, लंडनच्या एका साप्ताहिकाला आलेल्या वाचकाच्या पत्रात. (आम्हा पत्रलेखकांवर किती विसंबावे, तेही यातून कळावे.) शब्द तर त्याआधीच रुळला होता, १९१८ च्या ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकातल्या एका व्यंगचित्रात तो आहे. आद्याक्षरांचे शब्द पाडण्याची हौससुद्धा बहुतांशी पहिल्या महायुद्धानंतरचीच.

ऑक्सफर्डचा कोश या शब्दाचे मूळ अनिश्चित मानतो. त्यातल्या त्यात वजनदार तर्क रोमानी भाषेचा. तिच्यात ‘पॉश’ म्हणजे अर्धा. त्यावरून लंडनच्या भुरट्यांच्या बोलीत अर्ध्या पेनीचे नाणे, पुढे पैसा. रोमानी लोक हजारेक वर्षांपूर्वी भारतातून गेले, पाण्याला ते आजही ‘पानी’ म्हणतात. भारताशी नातेच जोडायचे तर ते या भटक्यांमार्फत जोडा की! पण फर्स्ट क्लासच्या केबिनची ऐट त्यात कुठली?

आद्याक्षरांची अशीच दुसरी थाप: ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. हे तर शाळेत गुरुजीच फळ्यावर लिहून देतात. ‘न्यू’चे ते साधे अनेकवचन आहे, एवढे सांगायला काय जाते? मुलांनी शंका काढली तर म्हणे आगाऊपणा!

आणि आता कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही कचेऱ्यांत ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’च्या आद्याक्षरांवरून ‘पॉश’ झाला आहे. ‘पॉश कमिटी’, ‘पॉशचं ट्रेनिंग’. तक्रार घेऊन येणाऱ्या बाईने दारावरची ती पाटी वाचावी तरी कशी? ‘तक्रार समिती’ लिहायला जागा पुरत नाही काय?

— एक वाचक, डोंबिवली