बदनाम गिअरबॉक्सची बाजू

ह्यूस्टनजवळच्या एका भाड्याच्या गॅरेजमध्ये माझ्या भाच्याची गाडी पाच महिन्यांपासून लोखंडी घोड्यांवर उभी आहे. १९९४ची लेक्सस एससी ३००. जुनी ऑटोमॅटिक पेटी काढून बाजूला ठेवलेली, नवी अजून बसलेली नाही. कामावर जायला तो मित्राच्या गाडीत बसतो आणि पेट्रोलचे अर्धे पैसे देतो. स्वस्तात काम उरकायचे म्हणून निघालेल्या माणसाची ही अवस्था आहे, आणि मला यावर दोन शब्द बोलायचे आहेत.

आधी गाडीबद्दल. एससी ३०० ही लेक्ससची दोन दारांची गाडी. तिच्यात टोयोटाचे २जेझेड-जीई हे तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन आहे. ज्या टर्बो इंजिनामुळे सुप्राचे नाव जगभर झाले, त्याचा हा बिनटर्बोचा भाऊ. अमेरिकेतल्या गाडीत त्याची ताकद २२५ अश्वशक्ती. १९९२ ते १९९७ या वर्षांत तिथे ही गाडी कंपनीकडूनच पाच गिअरच्या मॅन्युअल पेटीसह मिळत होती. पण आरामशीर लेक्सस घेणाऱ्याला क्लच दाबण्याची हौस कशाला असेल? बहुतेकांनी चार गिअरची ऑटोमॅटिक घेतली. त्यामुळे आज परवडणाऱ्या भावात मिळते ती एससी ऑटोमॅटिकच असते, आणि शौकीन तरुण ती घेतात ती पेटी बदलण्याच्या इराद्यानेच.

पण कोणती पेटी बसवायची? गाडीला मुळात मिळत होती ती डब्ल्यू ५८. तिच्याहून दणकट आर १५४. ही १९८७ ते १९९२च्या टर्बो सुप्रामध्ये आणि नंतर जपानमधल्या १जेझेड टर्बोच्या गाड्यांमध्ये होती. त्याहून वर टर्बो सुप्राची सहा गिअरची गेट्राग व्ही १६०. हिचा भाव ऐकून गप्प बसावे, कारण त्या पैशात एखादी चालती एससी दारात उभी राहील. मग परक्या घरच्या पेट्या येतात. निसान ३५०झेडची सहा गिअरची सीडी ००९, आणि शेवरले कोलोरॅडो या छोट्या पिकअपची एआर ५. ही एआर ५ आयसिन कंपनीची, आर १५४च्याच खानदानातली, आणि अमेरिकेच्या भंगार यार्डांत सहज सापडणारी.

भाच्याने एआर ५ घेतली. त्याचा तर्क वरवर पाहता बिनचूक होता. आर १५४ची ताकद, आणि किंमत तिच्या मानाने किरकोळ. फोनवर तो खूश होता. "मामू, लॉटरी लागली समजा."

इथे मला अब्बांचे गॅरेज आठवले. कोल्हापुरात त्यांच्याकडे अॅम्बॅसेडर आणि काँटेसा दुरुस्तीला येत. काँटेसामध्ये इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आणि पाच गिअरची पेटी आली, तेव्हा अॅम्बॅसेडरवाल्यांना तिचा भारी मोह पडायचा. एखादा टॅक्सीवाला अपघातातल्या काँटेसाची पेटी पोत्यात गुंडाळून घेऊन यायचा. अब्बा पेटीकडे बघायचेच नाहीत. विचारायचे, "बाकीची गाडी कुठे आहे?" हौजिंग, क्लच, पेडल, शाफ्ट, खालची ब्रॅकेट एकाच गाडीची असतील तरच ते कामाला हात लावत. नुसती पेटी आणली की तिला परत पोत्यात घाल म्हणत. मला लहानपणी हा त्यांचा हट्टीपणा वाटायचा. गिऱ्हाईक परत पाठवणारा मिस्त्री पोट कसे भरणार, असेही वाटायचे.

भाच्याच्या हातीही नुसती पेटीच आली होती. कोलोरॅडोचे हौजिंग २जेझेडला बसत नाही, ते वेगळे मिळवायचे. क्लच प्लेटच्या मधल्या खाचा टोयोटाच्या प्लेटशी जुळत नाहीत. लिव्हर भलत्या जागी निघतो. पेटीखालची आडवी पट्टी नव्याने बनवायची आणि मागचा शाफ्ट मोजून तयार करून घ्यायचा. यातली एकेक गोष्ट जगभर लोकांनी केलेली आहे, अवघड असे काहीच नाही. पण ज्याच्याकडे वेल्डिंग मशीन आणि लेथ आहे, त्याच्यासाठी ती स्वस्त. ज्याला प्रत्येक तुकडा दुसऱ्याकडून करून घ्यायचा आहे, त्याला एआर ५चा भाव खरेदीच्या दिवशी कळत नाही.

सीडी ००९चीही गत अशीच, किंबहुना जास्तच. पेटी मजबूत आहे, यात वाद नाही. पण तिचे पुढचे हौजिंग मुख्य केसिंगशी एकसंध ओतलेले असते, त्यामुळे अनेक किटमध्ये ते चक्क कापून त्या जागी अॅडॉप्टर लावावा लागतो. एकदा कापलेली पेटी निसानवाल्याला परत विकता येत नाही, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

आर १५४बद्दल माझी तक्रार नाही. मात्र ती घेताना कोणत्या गाडीतली आहे हे विचारलेच पाहिजे. जुन्या सुप्रातली असेल तर तिचे हौजिंग ७एम इंजिनाचे असते आणि ते जेझेडला लागत नाही. शिवाय तिच्या पहिल्या गिअरजवळच्या थ्रस्ट वॉशरचे दुखणे जुने आहे. पेटी बाहेर असतानाच तो चांगल्या प्रतीचा घालून घ्यावा.

आता डब्ल्यू ५८. हिची जितकी टिंगल होते तितकी क्वचितच एखाद्या पेटीची होत असेल. अडखळत गिअर पडतो, नाजूक आहे, टर्बो लावला की दाते जातात. आरोप खरे आहेत. पण भाच्याच्या गाडीला टर्बो कुठे आहे? इंजिन २२५ अश्वशक्तीचे, आणि टोयोटाने स्वतः याच इंजिनामागे हीच पेटी एससीत दिली, बिनटर्बोच्या सुप्रातही दिली. डब्ल्यू ५८ला नावे ठेवणाऱ्यांची इंजिने वेगळी आहेत. त्यांच्या गरजेवरून आपल्या खिशाचा निर्णय घेण्याचे कारण मला समजत नाही.

आणि मोठी गोष्ट म्हणजे तिच्याबरोबर सगळे मिळते. मॅन्युअल एससी भंगारात निघाली तर पेडल, क्लचचा मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, फ्लायव्हील, हौजिंग, पट्टी, शाफ्ट, वायरिंग, ईसीयू, सारे एका घरचे. ईसीयू तर विसरू नयेच. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून ओबीडी-२ आले. ऑटोमॅटिकचा ईसीयू तसाच ठेवला तर तो नसलेल्या पेटीचे सोलेनॉइड शोधत बसतो, इंजिनाचा दिवा पेटतो आणि जिथे प्रदूषण तपासणी होते तिथे गाडी नापास. भाच्याची १९९४ची असल्याने तो या फेऱ्यातून वाचला.

असा पूर्ण संच आता सहज मिळत नाही, मॅन्युअल एससी मुळातच थोड्या होत्या. वाट पाहावी लागते. पण तेवढे दिवस ऑटोमॅटिकवर गाडी चालू राहते. माझ्या भाच्याने आधी गाडी उघडली आणि मग सामान शोधायला निघाला, हे मला त्याच्या पेटीच्या निवडीपेक्षा जास्त खटकते.

"एकदाच मजबूत घालून मोकळं व्हावं," असे त्याचे मित्र म्हणतात. पुढे टर्बो लावायचा पक्का बेत असेल, पैसे बाजूला काढलेले असतील, तर त्यांचे बरोबर आहे आणि माझे म्हणणे तिथे संपते. मग आर १५४च घ्यावी. पण "कधीतरी टर्बो लावू" या कधीतरीसाठी आजची गाडी पाच महिने बंद ठेवायची?

परवा त्याचा पुन्हा फोन आला. ऑस्टिनकडे कुणीतरी ठोकलेली १९९३ची मॅन्युअल एससी सुटी करून विकतो आहे. पेटीला दोन गिऱ्हाइके आधीच आहेत. मी म्हटले, पेटीचे नंतर बघ, पेडल आणि शाफ्ट अजून शिल्लक आहेत का, ते आधी विचार. एआर ५ विकायला काढली आहे. अजून कुणी विचारलेले नाही.