कार्ट्रिज नाही, शाई संपली

पाठशाळेची पानं मी चौकला घरीच छापते. परवा पनवेलचा दुकानदार म्हणाला, "ताई, भरलेलं चालत नाही, नवंच घ्या." का चालत नाही? माझ्या कार्ट्रिजमध्ये आत स्पंज, खाली बारीक छिद्रं, एवढंच. सुईने शाई हळूहळू सोडायची, स्पंज भिजला की थांबायचं. छिद्रं सुकली तर कोमट पाण्यात भिजवलेल्या टिश्यूवर टेकवायची. आठवड्याला एक पान काढलं तर सहसा सुकतही नाहीत. 'शाई संपली' हा तर बऱ्याचदा थेंब मोजून केलेला अंदाज! विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटहक्क उरत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये सांगितलं. आणि आपण अपरिग्रहाचं व्याख्यान ऐकून येताना नवा डबा आणतो. माझं हे पाचव्यांदा भरलंय.