इफ्तारच्या ताटात आलुबुखार

कागल पंचतारांकित एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असलेल्या रोजेदार कामगाराचा इफ्तार कारखान्यातच होतो. मगरिबची वेळ झाली की डब्यातला खजूर तोंडात टाकायचा, पाणी प्यायचे आणि तेवढा वेळ शेजारच्या सहकाऱ्याने सांभाळलेले काम पुन्हा हाती घ्यायचे. हा सहकारी बऱ्याचदा हिंदू असतो, आणि रोजा सुटायची वेळ त्यालाही पाठ असते.

या कामगारांची एक तक्रार मात्र कोणी चारचौघांत बोलत नाही. रमजानचे आठ-दहा दिवस गेले की पोट साफ होत नाही. फौंड्रीतल्या भट्टीजवळ घाम गाळायचा आणि बारा-तेरा तास पाण्याचा थेंब नाही, अशा वेळी आतडे मळातले पाणीही शोषून घेते. त्यावर इफ्तारला भजी-समोसे आणि सहरीला चहा-पाव. मग औषधाच्या दुकानातून जुलाबाची गोळी आणली जाते. रोज्यात जुलाब झाले तर शरीरातले उरलेसुरले पाणीही जाते.

यावर साधा उपाय म्हणजे सुका आलुबुखार. बिर्याणीत आंबटपणासाठी पडणारे हे फळ घराघरांत ओळखीचे आहे. रोज खाण्यासाठी मात्र मऊ, काळपट, बी काढलेला प्रकार घ्यावा. दुकानात तो 'प्रून' नावाने मिळतो. मीठ लावलेला चटपटीत प्रकार टाळावा, कारण त्याने तहान वाढते.

शंभर ग्रॅम प्रूनमध्ये सुमारे 7 ग्रॅम तंतू आणि 700 मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते. शिवाय त्यात सॉर्बिटॉल नावाची, पुरती न पचणारी साखर असते. ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ होतो. 2011 मध्ये अमेरिकेत बद्धकोष्ठाच्या 40 रुग्णांवर झालेल्या चाचणीत प्रून आणि आपल्या ओळखीचा इसबगोल यांची तुलना झाली. दोन्हींतून तंतू सारखेच मिळत होते, तरी प्रूनचा गुण जास्त आला. 2022 च्या दुसऱ्या अमेरिकी अभ्यासात पाळी थांबलेल्या महिलांनी वर्षभर रोज 50 ग्रॅम, म्हणजे पाच-सहा प्रून खाल्ले. त्यांच्या खुब्याच्या हाडांची झीज रोखली गेल्याचे दिसले. तेव्हा हे फळ कामगाराच्या डब्यापुरते न ठेवता घरातल्या आईच्या वाटीतही पडावे.

सुरुवात दोन-तीन फळांनी करावी. एकदम मूठभर खाल्ले तर पोटात वारा धरतो. दिवसा भिजत घालून इफ्तारनंतर खावे आणि झोपेपर्यंत थोडे थोडे पाणी पीत राहावे. पाण्याशिवाय तंतूंचा उपयोग नाही. प्रूनमध्ये साखर भरपूर असते, म्हणून मधुमेहींनी आणि पोटॅशियममुळे मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच खावे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनीही विचारावे, कारण यात के जीवनसत्त्व असते.

प्रून खजुरापेक्षा महाग पडतो, आणि कंत्राटी कामगाराला रोज परवडेलच असे नाही. त्याच्यासाठी पेरू, पपई, भिजवलेले अंजीर, शेजारच्या तासगावचा बेदाणा आहे. सॉर्बिटॉलचा गुण त्यांत तितका नाही, पण तंतू मिळतात.

कारखान्यांनीही थोडे पुढे यावे. कँटीनमध्ये मगरिबच्या वेळी पंधरा मिनिटांची सुट्टी, दोन खजूर, तीन भिजवलेले प्रून, एखादे फळ आणि हवे तेवढे पिण्याचे पाणी, एवढे तरी ठेवावे. भट्टीजवळच्या रोजेदाराला शक्य तिथे महिनाभर कमी उष्णतेचे काम द्यावे. थकून चक्कर आलेला माणूस भट्टीपाशी उभा असणे त्याला धोक्याचे, तसेच शेजारच्यालाही. ही सोय एकादशी, श्रावणी सोमवार आणि नवरात्राचे उपवास धरणाऱ्या कामगारांनाही लागू करावी.