रबर: दुकानातलं आणि डोंगरावरचं

रत्नागिरीच्या बाजारात 'एक रबर द्या' म्हटलं की दुकानदार आधी गिऱ्हाईकाकडे बघतो. पाठीला दप्तर असेल तर खोडरबर काढतो, सोबत वेण्या घातलेली मुलगी असेल तर केसांचे रबर दाखवतो आणि हातात कागदांचा गठ्ठा दिसला तर बारक्या रबरांची पुडी पुढे करतो. भांड्यांच्या दुकानात रबर म्हणजे कुकरची रिंग. औषधाच्या दुकानात तान्ह्या बाळाखाली घालायची शीट. पंक्चरवाल्याकडे जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी. आंब्याच्या बागेतले राखणे हीच पट्टी नेतात आणि दुबेळक्या फांदीला बांधून बेचकी करतात. वानरांपुढे दुसरा इलाज नाही. मिरकरवाड्याला गेलात तर बोटींच्या कुशीला दोरखंडाने टांगलेले जुने टायर दिसतील. एका बोटीचं लाकूड दुसरीवर आपटू नये म्हणून ते तिथे असतात. ग्रामपंचायतीत गेलात तर दाखल्यावर उठतो तो रबरी शिक्का.

एवढी कामं करणारा हा पदार्थ मुळात झाडाचा चीक आहे, हे आपण रोजच्या धांदलीत विसरलेलो असतो. खरं तर कोकणातल्या माणसाला चीक समजावून सांगावा लागत नाही. फणस कापायला बसण्याआधी हाताला आणि कोयतीला खोबरेल चोळायचं, पावेतला चीक काटकीवर गुंडाळून घ्यायचा, तरी बोटं चिकटायचीच. तो चीक ओढला की लांबतो आणि सोडला की आखडतो. रबराचा गुण तो हाच. फणसाच्या चिकात रबर फार थोडं असतं आणि ॲमेझॉनच्या जंगलातल्या एका झाडात ते भरपूर निघतं, इतकाच फरक.

युरोपात हा पदार्थ पोचला तेव्हा त्याचं काय करायचं हे तिथल्या लोकांना बराच काळ उमगलं नव्हतं. पेन्सिलीचं लिहिलेलं पुसायला ते पावाचा चुरा वापरत. 1770 साली जोसेफ प्रिस्टली या शास्त्रज्ञाने नोंदवलं की या चिकाच्या तुकड्याने अक्षर छान पुसलं जातं. पुसण्याच्या या क्रियेवरूनच इंग्रजीत त्याला नाव पडलं. म्हणजे आपल्या शाळकरी पोरांच्या कंपासपेटीतलं खोडरबर हा या शब्दाचा पहिला अर्थ, बाकीचे सगळे मागाहून चिकटले. 1823 मध्ये चार्ल्स मॅकिन्टॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पावसाळी कोट काढला. आपली माणसं त्या काळात आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं इरलं पाठीवर घेऊन लावणी करत होती. त्या कोटातला थर उन्हात चिकट व्हायचा आणि थंडीत कडक. 1839 साली चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांची युक्ती सापडली, तेव्हा कुठे रबर टिकाऊ झालं. 1888 मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर आणला आणि मग रबराची भूक कधी भागलीच नाही.

याच रबराच्या एका उपयोगाबद्दल आपल्या घरांत अजूनही आवाज खाली जातो. पण रत्नागिरी जिल्ह्याने तरी त्याविषयी मान वर करून बोलावं. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, घराणं दापोली तालुक्यातल्या मुरुडचं. गणिताच्या या प्राध्यापकाने 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. बायका बाळंतपणांनी खंगून मरत होत्या आणि लोक त्याला नशीब म्हणत होते. कर्व्यांना हे मान्य नव्हतं. नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. 1934 साली अशाच एका खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीही 1927 मध्ये सुरू केलेलं 'समाजस्वास्थ्य' मासिक कर्व्यांनी 1953 साली मरेपर्यंत चालवलं. पुढे 1968 मध्ये सरकारनेच 'निरोध' गावोगावी पोचवायला घेतलं. पातळशा रबराने किती आयांचे प्राण वाचवले असतील याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. मला मात्र रबराचे जेवढे उपयोग ठाऊक आहेत, त्यांत हा सगळ्यांत थोर वाटतो.

या सगळ्या अर्थांत एक गोष्ट समान होती. रबर ही आपल्याकडे विकत आणायची वस्तू होती. बंगल्याच्या दारात कुंडीत जाड, चकचकीत पानांचं जे 'रबराचं झाड' असतं ते वेगळं, ते वड-पिंपळाच्या भाऊबंदांतलं, ईशान्य भारतातलं. बाजारातलं रबर देणारं झाड दक्षिण अमेरिकेचं. 1876 साली हेन्री विकहॅमने त्याच्या सुमारे 70,000 बिया ब्राझीलहून लंडनच्या क्यू बागेत नेल्या. तिथली रोपं सिलोनला आली आणि पुढे भारतात केरळच्या पेरियार नदीकाठी, थट्टेकाड इथे 1902 मध्ये पहिली व्यापारी लागवड झाली. आजही देशातलं बहुतेक रबर केरळचंच. 1947 च्या कायद्याने स्थापन झालेल्या रबर बोर्डाचं मुख्यालयही कोट्टयमला आहे.

गेल्या दोन-तीन दशकांत मात्र या शब्दाला कोकणात नवा अर्थ आला. दोडामार्ग, सावंतवाडीकडे 'रबर' म्हटलं की आता कुणी दुकानात बघत नाही, डोंगराकडे बोट दाखवतो. केरळातले शेतकरी आले, त्यांनी जमिनी घेतल्या, डोंगर साफ केले आणि रबर, अननस लावले.

तिलारी खोऱ्यातली अशी एक बाग मी पहाटे पाहिली आहे. चिकाला जोर पहाटेच असतो, ऊन चढलं की धार मंदावते, म्हणून माणसं अंधारातच डोक्याला बॅटरी बांधून कामाला लागतात. वाकड्या पात्याच्या सुरीने सालीवर तिरपी, पातळ चीर द्यायची. आतल्या लाकडाला पातं लागता कामा नये, लागलं तर झाडाला गाठी येतात. चिरेच्या खालच्या टोकाला पत्र्याची पन्हळ, तिच्याखाली तारेत अडकवलेली करवंटी. आपल्याच नारळाची. पांढरा चीक तिच्यात ठिबकत राहतो. मग तो गोळा करून, आम्ल घालून साकळवायचा, रुळातून लाटून चादरी करायच्या आणि धुरावर वाळवायच्या. काम कसबाचं आहे आणि करणारी माणसं कष्टाची आहेत. त्यांच्याबद्दल मनात आदरच आला.

माझं गाऱ्हाणं त्यांच्याशी नाही. जमीन विकली ती आपण. सातबाऱ्यावर पंचवीस नावं, त्यांतली वीस मुंबईला, डोंगरातून हातात दमडी येत नाही. अशा वेळी रोख पैसे घेऊन कुणी दारात उभा राहिला तर सही होते. पण विकताना आपण फक्त जमीन मोजली. तिच्यावर ऐन, किंजळ, कुंभा, हरडा, जांभूळ, रातांबे होते, वड-उंबरांवर धनेश येत होते. सिंधुदुर्गातलं पुष्कळसं जंगल खासगी मालकीचं आहे, त्यामुळे ते आपल्याच सहीने जातं. रबराची बाग दुरून हिरवीगार दिसते, पण तिच्यात एकाच जातीची, एकाच वयाची झाडं रांगेत उभी असतात आणि धनेशाला खायला काही नसतं. 2013 साली मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर बंदी घातली. 2020 मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, तेही जेमतेम 29.53 चौरस किलोमीटरचं. 2024 साली न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की 25 गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करा.

रत्नागिरी जिल्ह्याचा प्रश्न आणखी वेगळा आहे. पाऊस आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो खरा, पण सगळा चार महिन्यांत. रबराला तो वर्षभर विभागून हवा असतो. रबर बोर्डाच्या संशोधन संस्थेचं केंद्र पालघर जिल्ह्यात दापचरीला आहे. उत्तर कोकणच्या कोरड्या उन्हाळ्यात हे झाड कसं तगतं याचा अभ्यास तिथे झाला आणि उन्हाळ्यात पाणी दिल्याशिवाय वाढ खुंटते असं दिसलं. आता सांगा, चैत्र-वैशाखात जिथे वाड्यांना टँकर येतो, तिथे डोंगरावर रबराला पाणी कुठून आणायचं? शिवाय पहिला चीक मिळायला सहा-सात वर्षं थांबायचं. भावाचीही हमी नाही. 2011 मध्ये किलोला दोनशेच्या वर गेलेलं रबर पाचच वर्षांत शंभराच्या खाली आलं होतं. काजू आणि कोकम या मातीतलेच झालेत. त्यांची कलमं लावली तरी मधली जुनी झाडं राखता येतात. रबराला मात्र अख्खा डोंगर मोकळा लागतो.

म्हणून लांजा, राजापूर, संगमेश्वरच्या बागायतदारांना आणि मुंबईतल्या त्यांच्या भाऊबंदांना माझी विनंती आहे. उद्या कुणी रबरासाठी डोंगर मागायला आलं तर लगेच मुखत्यारपत्र देऊ नका. सामायिकातल्या सगळ्यांना एकदा गावी बोलवा आणि डोंगर स्वतः चढून बघा. चढायचं ते मे महिन्यात. खालच्या विहिरीला पाणी कुठल्या झाडीतून येतं ते तेव्हाच कळतं.